अंगी लागलं पाहिजे

आमच्या रस्त्यावरच्या औषधाच्या दुकानातल्या बाईंना सगळे ‘उलटतपासणीबाई’ म्हणतात. हे नाव मीच पाडलं, हे आधीच कबूल करतो. सर्दीची गोळी मागायला जावं, तर बाई चष्मा कपाळावर चढवून विचारणार, ‘कधी घेणार? काय खाऊन? आणखी कुठलं औषध चालू आहे?’ मागे रांग खोळंबली तरी त्यांना काही देणंघेणं नाही. मी घड्याळं दुरुस्त करणारा माणूस. समोरच्याने मुकाट काम करावं आणि पुढे पाठवावं, ही माझी शिस्त. त्यामुळे आमचं बाईंशी कधी जमलं नाही.

माझ्या लेकीच्या पेशींमध्ये ऊर्जा नीट तयार होत नाही, असं सहा वर्षांपूर्वी डॉक्टरांनी सांगितलं. दिसायला ठणठणीत पोर, पण एक जिना चढली की पाय गळून जायचे. नकाशे काढायचा तिचा वर्ग तिसऱ्या मजल्यावर. तिची पिशवी, फळी, डबा घेऊन मी पुढे आणि ती कठड्याला धरून मागे, अशी आमची वरात रोज निघे. या वर्षी डॉक्टरांनी अँटिऑक्सिडंटच्या कॅप्सूल सुरू केल्या. म्हणाले, ‘तीन महिने देऊन औषधाचं रक्तातलं प्रमाण बघू. वाढलं नाही तर बंद करू. उगाच शरीरात ढकलत राहण्यात अर्थ नाही.’

दोन महिने झाले. फरक शून्य. वर्ग सोडायचा अर्ज पोरीने लिहून वहीत ठेवलेला मी पाहिला होता. जीव नुसता टांगणीला लागला होता.

तिसऱ्या डबीसाठी दुकानात गेलो, तर बाईंनी नेहमीप्रमाणे मला धारेवर धरलं.

‘कधी देता?’

‘पहाटे. अनशापोटी. कोमट पाण्याबरोबर,’ मी ऐटीत सांगितलं. ‘दोन महिन्यांत एक दिवस चुकलेला नाही.’

‘अनशापोटी कोणी सांगितलं?’

‘सांगायला कशाला हवं? अनशापोटीच औषध लागू पडतं. माझे वडील सगळी औषधं तशीच घ्यायचे.’

‘आणि न्याहारीला काय खाते ती?’

‘कोरडा टोस्ट, उकडलेली भाजी. मला कोलेस्टेरॉल निघाल्यापासून घरात तेल-लोणी बंद केलंय. सगळ्यांचंच.’

बाईंनी हातातली डबी खाली ठेवली. ‘अहो काका, हे औषध स्निग्धात विरघळणारं आहे. जेवणात थोडं तेलतूप नसेल, तर पोटातून रक्तात जाणार कसं? लागू पडायच्या आधी ते अंगी लागलं पाहिजे ना!’

तोंडात मारल्यासारखं झालं मला. घड्याळात नवा कोरा सेल घालायचा आणि पत्रा त्याला टेकलाय का ते बघायचंच नाही, असा गाढवपणा मी दोन महिने नेमाने केला होता. आणि वर शिस्तीचा तोरा!

बाई मात्र तिथेच थांबल्या नाहीत. ‘मी माझ्या मनाने काही बदलणार नाही,’ म्हणाल्या आणि रांगेतल्या सगळ्यांना थांबवून त्यांनी डॉक्टरांना फोन लावला. पलीकडून कोणीतरी टोलवाटोलवी केली असावी. बाई शांतपणे म्हणाल्या, ‘मी धरून ठेवते.’ नऊ मिनिटं धरून ठेवला. मी मोजली, दुसरं काय करणार? शेवटी डॉक्टर स्वतः फोनवर आले. एकदम एक मोठा डोस देण्याऐवजी दोन भाग करायचे, दोन्ही जेवणाबरोबर, आणि तपासणी दोन महिने पुढे ढकलायची, असं ठरलं. बाईंनी ते कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं आणि माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. मागचा एक जण कुरकुरला, तेव्हा त्याच्यावर मीच खेकसलो.

घरात लोणी आलं. माझ्या ताटात नाही, तिच्या.

तीन महिन्यांनी रक्तातलं प्रमाण चांगलं वाढलेलं निघालं. डॉक्टर म्हणाले, ‘आजार आहे तो आहेच, पण औषध चालू ठेवू.’ तिथून आम्ही दोघं थेट दुकानात गेलो. बाईंनी तपासणीचा कागद वाचला आणि पाठ फिरवून फळीवर बराच वेळ काहीतरी शोधत राहिल्या. ही बाई नसती, तर चांगलं औषध कुचकामी ठरवून आम्ही बंद केलं असतं. हे मी त्यांना बोलून दाखवणार होतो, पण तेवढ्यात त्या वळल्या.

‘किती मजले चढतेस?’ त्यांनी लेकीला विचारलं.

‘दोन. मग बसते थोडी.’

‘बस की. कोण मागे लागलंय?’

मी सवयीने हात पुढे केला. बाईंनी डबी माझ्या हातावरून पलीकडे नेली आणि लेकीच्या हातात दिली. ‘हिचं औषध आता हिच्याकडे. वेळा तिला पाठ आहेत. काका, तुम्ही सुटलात.’

मी हसलो. घरी जाताना लेक तर खुशीत दोन पावलं पुढेच चालत होती, पिशवी तिच्याच खांद्यावर. मला मात्र सुटल्यासारखं वाटेना. सहा वर्षांनी हात रिकामे झाले होते आणि त्यांचं काय करायचं ते काही केल्या सुचेना.