हॉर्न वाजला तरी उतरायचं नाय: केळवे ते घिवली, सायकलनं

आधीच माफी मागते. माझं शुद्धलेखन कच्चं हाय आणि टायपिंग त्याहून कच्चं. वाचनालयातल्या काकांनी मराठी टायपिंगचं मशीन वापरायला दिलंय, पण एक जोडाक्षर शोधता शोधता माझा चहा गार होतो. तरी बसलेय, कारण ज्यांना आपल्याकडून बोईसरच्या पुढं सायकलनं जायचंय त्यांना कोणी रस्त्याचं नीट सांगत नाय. सगळे एवढंच बोलतात, "ट्रक असतात, जाऊ नको."

मी आठवीनंतर शाळा सोडली. अभ्यासाचं नाय, पण वर्गात उभं राहून बोलायचं आलं की माझे पाय थरथरायचे आणि सगळे हसायचे. आता बोईसरला एका कारखान्यात पॅकिंगचं काम मिळत होतं. घिवलीला माझी आत्या राहाते. तिच्याकडं राहायचं, तिथून रोज सायकलनं बोईसरला जायचं, रविवारी घरी यायचं, असं मी डोक्यात पक्कं केलेलं. आईला चाललं. बाबा मात्र नायच बोलले.

"त्या रस्त्यावर बाया सायकल चालवत नाय."

"मग मी पहिली."

हे मी मनात बोलले. तोंडानं फक्त "बरं" आलं.

बाबांचं कारण खोटं नव्हतं. आमची पानाची वाडी हाय. विड्याच्या पानांची करंडी केळीच्या पानात बांधून बाबा सायकलवरून स्टेशनला नेतात, आमच्याकडं सगळेच नेतात. आणि पानवाल्यांची एक रीत हाय: मागून हॉर्न वाजला की सायकलवरून उतरायचं. उतरायचं, सायकल कडेच्या मातीत घ्यायची, एक हात करंडीवर ठेवून गाडी जाईपर्यंत उभं राहायचं. कारण करंडी कलंडली की पानं चुरगळतात, आणि काळी पडलेली पानं कोण घेणार? आजोबा उतरायचे, बाबा उतरतात. मीही उतरायचे. पण बोईसरच्या रस्त्यावर दर हॉर्नला उतरलं तर पहिली पाळी सुटेपर्यंत मी गेटवर पोचणार!

शेवटी आईनं तोडगा काढला. "एकदा दोघं मिळून जाऊन या. तुमी मागून चालवा, ती पुढं. बघा आणि मग ठरवा."

बाबा तयार झाले, पण एक अट घालून. "मी काय बोलणार नाय. वाटेत काय झालं तर तुझं तू निस्तर. मी कामावर रोज येणार हाय काय तुझ्यासोबत?"

म्हणजे जाऊन येईपर्यंत माझी परीक्षाच. नापास झाले तर परत वाडीत.

निघायच्या आदल्या दिवशी मी एक गोष्ट केली. वाडीतली बांबूची एक कामटी घेतली, माझ्या हाताएवढी लांब, आणि कॅरियरला आडवी बांधली, रस्त्याच्या बाजूला बाहेर येईल अशी. टोकाला चिंधी गुंडाळली आणि नारळाच्या बुंध्याला लावतो त्या गेरूत बुडवली. माझा हिशोब सोपा होता. गाडीवाल्याला लाल दिसेल, तो लांबून जाईल. आणि जवळून गेलाच तर त्याच्या गाडीवर रेघ उमटेल.

बाबांनी बघितलं. "हे काय? गुढी काय?"

मी बोलले, "असंच."

सकाळी दव असतानाच निघालो. केळव्याहून माहीम (मुंबईचं नाय, आमच्याकडचं), माहीमहून पालघर, हा तुकडा नवीन माणसाला एकदम बेस. दोन्ही बाजूला वाड्या, सुपारीची सावली, गाड्या कमी. शनिवार-रविवारी मुंबईचे लोक मोटारी घेऊन समुद्रावर येतात तेव्हा मात्र सांभाळा, ते रस्ता बघत नाय, नारळ बघत चालवतात. पाणी घरूनच भरून घ्या. पालघरला नाक्यावर मिसळ खाल्ली. तिखट हाय पण जादा पाव मागितला की तोंड वाकडं करत नाय. बाबांनी दुसरी वाट सुचवली: सातपाटीला जायचं, तरीतून, म्हणजे होडीतून, सायकली घेऊन खाडी पार करायची, पलीकडच्या मुरबे गावाहून किनाऱ्या-किनाऱ्यानं वर. तुमाला फिरायलाच जायचं असेल तर तीच वाट धरा, सुंदर हाय. मला फिरायचं नव्हतं. मला ट्रकच पाहिजे होते.

पालघर सोडलं आणि ते आले.

पहिला हॉर्न वाजला तेव्हा माझा डावा पाय आपोआप खाली गेला. सवयच ती. मी पाय उचलला, पॅडलवर ठेवला, हँडल घट्ट धरलं आणि डांबराच्या कडेनं सरळ चालवत राहिले. ट्रक गेला. केस उडाले, धूळ तोंडात, पण मी पडले नाय. मागं बघितलं तर बाबा मातीत उतरून उभे, एक हात कॅरियरवर. कॅरियरवर करंडी नव्हतीच! आत्यासाठी नेलेली केळी होती फक्त.

उमरोळीपर्यंत असंच. मी पुढं जायचे, बाबा उतरायचे, मी सावलीत थांबायचे, बाबा यायचे. बोलणं काय नाय. एकदा कारखान्यातला एक पोरगा सायकलवरून घाईत मला ओलांडून गेला आणि त्याच्या पँटला गेरू लागला.

"ओ ताय, होळीला अजून टाईम हाय!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मागून बाबांचं हसू ऐकू आलं. तर हे लक्षात ठेवा, कामटी बांधली तर सायकलवाल्यांना आधी हाक मारून सांगायचं. माझं तेवढ्यासाठीही तोंड उघडत नव्हतं.

बोईसरला नाक्यावर वडापाव खाल्ला, नळावर चिंधी परत ओली करून गेरू लावला. बोईसर बघायला काय नाय असं लोक बोलतात. मला बघायला खूप होतं. एसटीडी बूथसमोर रांग, बिहारपासून मद्रासपर्यंतचे लोक, हिंदीत भांडण, मराठीत भाजी. आणि सायकली! पाळी सुटली की रस्ता सायकलींनीच भरतो. मला वाटलं, एवढे सगळे हायत तर मीच काय एकटी हाय.

इथून तारापूरकडं जाणारा रस्ता सगळ्यात अवघड. कारखान्यांची गेटं लागतात आणि गाड्या कधी वळतील सांगता येत नाय. तिथंच ते झालं.

एका गेटाच्या अलीकडं कामगारांची पांढरी बस मागून आली. हॉर्न देत देत माझ्या अगदी जवळून पुढं गेली, आणि अर्धी पुढं जाते न जाते तोच डावीकडं गेटात वळली. म्हणजे माझ्या पुढ्यातच. मी दोन्ही ब्रेक दाबले, पाय घासत थांबले. बसचा पत्रा कामटीला खरडत गेला आणि कामटी वाकून परत सरळ झाली. तिच्या जागी माझा हात असता तर सरळ झाला नसता.

बस गेटाच्या आत थांबली. ड्रायव्हर उतरला, मोठा, पांढऱ्या मिशांचा, खांद्यावर टॉवेल. बसच्या अंगावर दारापासून मागच्या चाकापर्यंत लाल रेघ.

"ये किसने मारा? आज सुबह धोया है मैंने! साहब देखेगा तो मेरा पगार काटेगा!"

गेटावरचा चहावाला, वॉचमन, दोन-चार कामगार, सगळे बघायला आले. माझे पाय थरथरायला लागले, वर्गात थरथरायचे तसेच. बाबा मागून धावत आले, तोंड उघडलं, आणि मिटलं. अट त्यांनीच घातलेली ना.

मी बोलले. आवाज एवढासा होता, पण बोलले.

"मी मारली. म्हणजे मी नाय मारली, तुमी मारून घेतली. ही काठी माझ्या हाताएवढी हाय. बघा." आणि मी हात लांब करून कामटीच्या बाजूला धरला. "रेघ हाय तिथं माझा हात होता."

कोणी हसलं नाय.

ड्रायव्हरनं रेघेवरून बोट फिरवलं. मग त्याचाही आवाज उतरला. "बेटी, मैं जानबूझके नहीं किया. मुझे तुम दिखीच नहीं. हॉर्न तो दिया था."

"हॉर्न दिला की माझे बाबा उतरतात. मी नाय उतरणार. मला रोज यायचंय. तुमी ब्रेक मारा."

हे माझ्या तोंडून कसं आलं मला माहीत नाय. चहावाला बोलला, "बरोबर बोलली पोरगी." ड्रायव्हर चिडला नाय. दार उघडून बोलला, "चढो. बैठो मेरी सीट पे. देखो क्या दिखता है."

मी बाबांकडं बघितलं. बाबांनी मान हलवली. मी चढले. आयुष्यात पहिल्यांदा बसच्या स्टिअरिंगमागं बसले. केवढं उंच! ड्रायव्हरनं बाबांना माझी सायकल घेऊन डाव्या दाराजवळ उभं राहायला सांगितलं.

मी त्या बाजूला बघितलं. गेट दिसलं, झाड दिसलं, चहावाला दिसला. बाबा नव्हते.

"बाबा, कुठं हाव?"

"अगो हितंच हाय! दाराशी!"

आरशात बघितलं तर मागचं चाक आणि धूळ. माझी सायकल नाय, बाबा नाय, कामटी नाय, लाल चिंधी तर नायच. एवढा गेरू लावून मी त्याला दिसणारच नव्हते.

"काठी ऊपर बांधो," ड्रायव्हर बोलला. "तुम्हारे सर के ऊपर. तब दिखेगा."

बाबांनी कामटी सोडून उभी धरली, हात वर करून. आणि खिडकीच्या खालच्या काठावर लाल टोक हललं. मी वरून ओरडले, "दिसलं! दिसलं!" एवढ्या मोठ्यानं मी कधी ओरडले नव्हते.

तर ही सगळ्यात कामाची गोष्ट, पुढं जाणाऱ्यांनी पाठ करा. बसच्या नाय तर ट्रकच्या डाव्या दाराजवळ सायकल कधी नेऊ नका, तिथं तुमी त्याला नसताच. गेट दिसलं की त्याच्या पुढं राहा, नाय तर पूर्ण मागं. आणि निशाणी उभी बांधा, डोक्याच्या वर.

मग चहावाल्याची बादली घेऊन मी रेघ पुसायला लागले. ड्रायव्हरनं खांद्यावरचा टॉवेल काढला आणि दुसऱ्या टोकाकडून पुसायला लागला. मध्यावर भेटलो तेव्हा तो बोलला, "गेट के पहले पीछे देखूँगा. ब्रेक मारके." चहाचे पैसे त्यानं दिले.

घिवलीला पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. इथलं अणुवीज केंद्र बघायला जायचं डोक्यातून काढा, आत सोडत नाय. समुद्र मात्र सगळ्यांचा हाय. आत्यानं तांदळाची भाकरी आणि ओल्या बोंबलाचं कालवण केलेलं. बाबा जेवताना आत्याला सगळं सांगत होते, पण एकच गोष्ट परत परत: "ती त्याला बोलली, तुमी ब्रेक मारा! आपली हेमा!"

"मग पाठवतोस ना?" आत्यानं विचारलं.

"उद्या पाळीच्या वेळंला बघू."

म्हणजे अजून ठरलं नव्हतंच.

सकाळी लाल चिंधी एका लांब काठीला लावून ती कॅरियरला उभी बांधली आणि आत्याच्या घरून पाळीच्या टायमाला निघालो. कामगार सायकलींवर एकामागं एक चाललेले, शेवटचा माणूस मागं गाडी दिसली की "आला!" ओरडायचा आणि सगळे कडेला दाबून घ्यायचे, पण उतरत नव्हते. मी त्यांच्यात शिरले. एक ट्रक मात्र तसाच आला, हॉर्नवर हात ठेवून, आणि पुढचे दोघं मातीत गेले. एक शिवी दिली, धूळ झटकली, परत चढले. असे ट्रक असतात. सगळे काय एका दिवसात शहाणे होत नाय.

त्या गेटाच्या अलीकडं मागं इंजिनचा आवाज आला. मी ओळखला. हॉर्न वाजला नाय. आवाज मागंच राहिला, हळू झाला, मी गेट ओलांडेपर्यंत मागंच. मग बस वळली. खिडकीतून कोणीतरी ओरडलं, "लाल झंडेवाली, जय हो!" मी मान वर करून चालवत राहिले. लाज वाटली, पण खाली बघितलं नाय.

बोईसरहून परत घरी येताना बाबा दर हॉर्नला उतरले. एकही सोडला नाय. मी पुढं थांबून वाट बघायचे. मला आता त्याचा राग येत नव्हता. एवढी वर्षं त्यांनी पानं नीट पोचवली ती उतरून उतरूनच.

घरी आईनं दारातच विचारलं, "काय ठरलं?"

बाबांनी सायकल भिंतीला टेकवली, तोंडावर पाणी मारलं.

"माझं वय झालं, मी उतरणारच. ती नाय उतरत." मग टॉवेलनं तोंड पुसत बोलले, "आणि तिला कोणी उतरवू पण नये. सोमवारी पाठव तिला."

मी आत जाऊन पिशवी भरायला घेतली. पाय थरथरत होते, पण ते दोन दिवसांच्या पॅडलमुळं.

आत्ताच शेजारच्या काकी वाचनालयात येऊन सांगून गेल्या, त्यांच्या विहिरीत कासव सापडलंय, पाटाएवढं मोठं, आणि ते विहिरीत आलं कसं कोणालाच कळत नाय. टायपिंग इथंच थांबवते, मी बघायला चालले.