बीपीची पत्ती

माझ्या सासऱ्यांनी बीपीची गोळी बंद केली, कारण चंद्रपूरच्या एका ठोक दुकानात त्यांना बीपीची चहापत्ती मिळाली.

आमच्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात. मामाजी लग्नाला म्हणून चंद्रपूरला गेले आणि येताना पिशवीभर चहा घेऊन आले. दुकानातल्या प्रत्येक पोत्यावर इंग्रजी अक्षरं होती आणि एकावर ठळक ‘बी.पी.’ लिहिलं होतं. दवाखान्याच्या कार्डावर हीच अक्षरं पाहून पाहून त्यांना पाठ झाली होती.

“पाह्य बाई, जमाना कुठी गेला,” ते मला म्हणाले. “आता चहातच दवाई टाकून राह्यले.”

मला वाटलं, गंमत करताहेत. ‘गोळी आता माझी मी घेतो’ म्हणाले, तेही मी मानलं. पण काही दिवसांनी पाहते तर गोळ्यांचं पाकीट जसंच्या तसं, आणि मामाजी अंगणात तुळशीचा ओटा धरून डोळे मिटून उभे.

“चक्कर आली का?”

“चक्कर नाई. चहा काम करून राह्यला.”

गोळीशी तसंही त्यांचं हाडवैर होतं. डॉक्टरांनी अर्धी सांगितली होती, आणि तोवर मी ती रोज मोडून द्यायची. मामाजी जन्मभर तेंदूपत्त्याच्या फळीवर, म्हणजे बिडीची पानं गोळा करायच्या जागी, मुनशी. जंगलातून तोडून आणलेल्या पानांचे पुडे बाया फळीवर घेऊन यायच्या, आणि मामाजी प्रत्येक पुडा अंगठ्यानं चाळून पाहायचे. बोलायचे दोनच गोष्टी: ‘चालते’ नाहीतर ‘नाई चालत’. फाटकं पान दिसलं की पुडा बाहेर. सासूबाईंचा पुडासुद्धा त्यांनी चारचौघींत बाहेर काढला होता, आणि त्या दिवशी आमच्या घरची चूल पेटली नाही, हे गाव अजून चवीनं सांगतं. सासूबाई आता नाहीत. पण असा माणूस तुटकी गोळी कशी घेणार?

“अर्धी काऊन?” ते म्हणायचे. “मी का अर्धाच बिमार आहो?”

इकडे बीपीच्या चहाची कीर्ती गावभर झाली. शेजारच्या काकू रोज सकाळी औषध म्हणून कपभर पिऊन जाऊ लागल्या. त्यांच्या यजमानांना शुगर. त्यांनी मामाजींना बाजूला घेऊन विचारलं, “भाऊ, शुगरची पत्ती नाई भेटत का?” मामाजींनी गंभीरपणे मान हलवली आणि पुढच्या खेपेला पाहतो म्हणाले. माझा नवरा सूरजागडला खाणीवर, आठवड्यातून एकदा घरी. मला रात्री झोप लागेना. वडील गेल्यावर मला बाप म्हणून हाच एक माणूस उरला होता, आणि तो चहाच्या भरवशावर बसला होता.

शेवटी शुगरच्या पत्तीचंच निमित्त करून मी त्यांच्यासोबत बसमध्ये बसले. मामाजींनी दुकानात शिरल्याशिरल्या शुगरची पत्ती मागितली. शेटनं वर न बघता बोट दाखवलं, “साखर त्या बाजूला.”

मी सगळा प्रकार सांगितला. शेट हसला नाही, हे त्याचे उपकार.

“बाबा, बीपी म्हंजे ब्रोकन पेको. दवाई नाई. पत्तीचा साइज आहे.”

“ब्रोकन म्हंजे?”

“तुटका.”

मामाजी लालबुंद झाले. मला वाटलं, आता इथेच बीपी चढणार. “तुम्ही मले तुटका माल देल्ला?”

शेटनं कागदावर चिमूट चिमूट चहा मांडला. मशीनमध्ये पान चुरडतात, सुकवतात, मग चाळण्यांवर टाकतात. वरच्या चाळणीवर राहिला तो जाड दाणा, खाली पडत गेला तो बारीक. बारीक लवकर उतरतो आणि कडक होतो. सगळ्यात खालची डस्ट. डस्ट म्हटल्यावर मामाजींनी हात मागे घेतला. आमच्या ओसरीवर खाणीच्या ट्रकांची लाल डस्ट रोज बसते, तेवढी त्यांना पुरे होती.

“आन् ह्या पोत्यावर काय लिवलं?”

“ब्रोकन ऑरेंज पेको.”

मामाजींनी मूठभर पत्ती नाकाला लावली. “संत्र्याचा तं वास नाई.”

“संत्रा नसते त्यात. नुसतं नाव आहे.”

“संत्रा नाई, तं नाव काऊन ठेवलं?”

“मी गेलतो का बारशाले?” शेट म्हणाला.

“बरं, मंग ह्यातला ‘नाई चालत’ कोणता?”

“सगळे चालते, बाबा. तुटला म्हणून बिघडला नाई. ज्याची त्याची चाळणी.”

मामाजींचा विश्वास बसेना. त्यांनी अख्ख्या पानाचा चहा मागितला. असाही चहा असतो. लांब, काळी, वळलेली पानं. पान पाहून मामाजींचा चेहरा खुलला. शेटनं दुकानामागच्या शेगडीवर आमच्यासारखाच दूध घालून तो उकळला. मामाजींनी एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

“हे तं गंज-भांडे धुतलेलं पानी आहे.”

मग शेटनं बीपीचा दिला. मामाजी तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले आणि रिकाम्या कपाकडे बघत बसले. तेंदूच्या मापानं चहा जोखायला निघालेला माणूस स्वतःच्या जिभेशी मात्र खोटं बोलत नव्हता.

परतीच्या बसमध्ये त्यांनी विकत घेतलेल्या बीपीची पिशवी मांडीवर घेतली. वैनगंगेचा पूल लागला तेव्हा खिडकीबाहेर बघतच म्हणाले, “तुह्या सासूचा पुडा चालत होता, बाई. एका पानाचा कोपराच गेलता.”

मी त्यांच्या मांडीवरची चहाची पिशवी उगाच नीट केली.

घरी आल्यावर मी पाणी आणलं आणि गोळी मोडायला घेतली.

“बराबर मोड,” ते म्हणाले. “डस्ट करू नको.”

गोळी वाकडी तुटली. एक तुकडा मोठा, एक लहान, कडेचा थोडा चुरा. मी दुसरी काढायला लागले, तर त्यांनी हात पुढे केला. मोठा तुकडा तळव्यावर घेऊन त्यावरून अंगठा फिरवला, उलटा करून पाहिला.

“चालते,” मामाजी म्हणाले आणि गोळी तोंडात टाकली.