तासलेलं दार

माझ्या मामाला सगळे ओळंबा म्हणत. गवंड्याकडे भिंत सरळ आहे का ते पाहायला दोरीला बांधलेलं वजन असतं ना, तोच ओळंबा. मामा स्वतः गवंडी; तो भिंतच काय, माणूसही एक डोळा मिटून बघायचा आणि ‘तिरका आहे’ असा शेरा मारायचा. त्यात माझे वडील, म्हणजे त्याचे दाजी, धंद्याने सुतार. एका म्यानात दोन तलवारी. भिंत वाकडी की चौकट वाकडी, यावर दोघं जन्मभर भांडले.

मामाचं घराणं डोंगरावर जगलं. मामाच्या पणजोबांनी तिथली झाडं तोडून कोळसा पाडला. झाडं गेली तशी माती वाहून जायला लागली. मग मामाच्या वडिलांनी उतारावर दगडी बांध घातले, पायऱ्यापायऱ्यांची शेतं केली, आणि निसटलेला दगड दरवर्षी पुन्हा जागेवर बसवला. त्यांच्यामागे घरातल्यांना पगाराची चव लागली, शेतं ओस पडली. बांध मात्र उभे होते आणि त्यांच्या जिवावर उतारही उभा होता. हे आज कळतं. तेव्हा लोकांना तिथे फक्त तयार, घडीव दगड दिसायचा. कुणाच्या घराचं बांधकाम निघालं की वर जायचं आणि बांध उकलून आणायचा. खाणीचा दगड विकत घेतो कोण? आयत्या बिळावर नागोबा.

मामाची एकुलती लेक चिऊ. तिचं लग्न ठरलं तेव्हा मामाने जावयाला एकच अट घातली, लेक लांब जाणार नाही. उताराच्या पायथ्याशी त्याने स्वतः तिला घर बांधून दिलं, आपल्याच बापाच्या बांधाचे दगड उतरवून.

“तुझ्या आज्याचा हात लागलाय या दगडांना,” तो चिऊला सांगायचा. “तुला कशाची भीती?”

दार माझ्या वडिलांनी केलं, जुन्या तुळईच्या मुरलेल्या लाकडाचं. वर्षभर ते नीट लागलं. मग वरच्या कोपऱ्यात अडायला लागलं.

“दाजी, ओलं लाकूड वापरलंत,” मामा म्हणाला.

“लाकूड माझ्यापेक्षा म्हातारं आहे. तुझी भिंत बघ आधी.”

“माझी भिंत हलत नसते!”

ओळंबा पिशवीतच होता, पण मामाने तो काढला नाही. स्वतःच्या भिंतीला ओळंबा लावायचा, आणि तोही सुताराच्या सांगण्यावरून? नाक कापलं गेलं असतं ना! शेवटी वडिलांनीच भाचीसाठी रंधा काढला आणि कोपरा तासून दिला. दार लागलं. काही महिन्यांनी पुन्हा अडलं, पुन्हा तासलं. मनातून वडिलांनाही वाटत होतं की भिंत हलतेय, पण साल्याला खोटं पाडण्याच्या मजेपलीकडे त्यांचा विचार गेला नाही. मला दोघांचाही राग येतो, अजून येतो.

चिऊ हसायची. “बाबा, तुमच्या भांडणात माझं दार झिजून संपेल,” म्हणायची. बाहेरून आली की खांदा लावून दार उघडायची तिला सवय झाली होती.

त्या दिवशी सकाळपासून पाऊस लागून राहिला होता. जावई कामावर गेलेला. दुपारी वरचा उतार सुटायला लागला, अंगणात दगड घरंगळत आले. शेजारीण लेकरांना घेऊन बाहेर पळाली. चिऊ आतून कडी ओढत होती.

“वहिनी, ढकला! बाहेरून ढकला!”

शेजारणीने खांदा लावला. दार तसूभरही हललं नाही. मग वर मोठा आवाज झाला आणि ती लेकरांकडे धावली. तिला कोण दोष देणार?

चिखल उपसला तेव्हा चिऊ दारामागेच सापडली.

तिला पोहोचवून आल्यावर काही दिवसांनी मामा तिथे गेला. वडील त्याच्यामागे गेले, त्यांच्यामागे मी. घराचं काही उरलं नव्हतं. दार मात्र अख्खं होतं. मामाने ते दोन दगडांवर आडवं ठेवलं, हाताने चिखल पुसला आणि पिशवीतून काटकोन तपासायचा गुण्या काढला. वरच्या कोपऱ्याशी तो लावला. लोखंड आणि लाकूड यांच्यात फट राहिली.

वडील पुटपुटले, “मी केलं तेव्हा काटकोनात होतं रे.”

आता भांडण होणार असं मला वाटलं.

“माहीत आहे, दाजी,” मामा म्हणाला. “डोंगर एवढा पुढे आला होता. आणि आपण तेवढं लाकूड तासत बसलो.”

एवढा म्हणजे केवढा, ते दाखवायला त्याने फटीत बोटं घातली. दोन बोटं आत गेली. ती त्याने बराच वेळ बाहेर काढली नाहीत.