नणंदेच्या केसांतले तारे

माझ्या नणंदेचे केस वयाच्या तेविसाव्या वर्षी एका रात्रीत पांढरे झाले, आणि ते मी केले.

मुद्दाम नाही! मी हायस्कुलात विज्ञान शिकवते, चेटूक नव्हे. (काही विद्यार्थ्यांचं मत वेगळं असू शकेल.) झालं असं, की नव्याण्णवच्या सुमारास माझ्या भावाने मस्कतहून येताना मला एक कॅमेरा आणला. वजनाला थेट वरवंटा. त्याच्या चकतीवर ‘बी’ अशी एक खूण होती. चकती त्या खुणेवर ठेवली, की बटण दाबून धरू तेवढा वेळ कॅमेऱ्याचा डोळा उघडा राहायचा. शहाण्या माणसाने त्या खुणेकडे दुर्लक्ष केलं असतं. मी तारे टिपायला लागले.

अमावास्येच्या आसपासचा शनिवार आला, की आम्ही तिघं एका स्कूटरवरून गावाबाहेरच्या सड्यावर, कातळाच्या उघड्या माळावर, जायचो. हे, मी आणि माझी नणंद सुलभा. ह्यांच्याकडे राखणीचं काम. ते चटई पसरून पाच मिनिटांत घोरायला लागत, आणि त्या आवाजाने खरोखरच कुणी जवळ येत नसे. सुलभाच्या हातात काळा पुठ्ठा. लांबून गाडीचा उजेड आला, की तिने तो भिंगापुढे धरायचा.

बटण दाबून ठेवणाऱ्या तारेची खिट्टी अडकवली, की बाकी वेळ आम्ही दोघी नुसत्या पडून राहायचो. दिवसभर तापलेला कातळ रात्रीही पाठीला कोमट लागे. समुद्र दिसत नसे, पण झोपेतल्या माणसाच्या श्वासासारखा खालून ऐकू येई. आपल्याकडे ध्रुव क्षितिजापासून जेमतेम वीतभर वर. बाकीचे तारे त्याच्याभोवती सावकाश फिरणार, आणि ते फिरणं चाळीस मिनिटांत फिल्मवर बारीक पांढऱ्या कमानींसारखं उमटणार. आम्ही काही करायचं नाही. फक्त थांबायचं. असं काही न करण्याचं काम मला आयुष्यात दुसरं मिळालेलं नाही.

“वहिनी, आपण एवढे फिरतोय, मग कळत कसं नाही गं?” अशाच एका रात्री सुलभाने विचारलं.

“सवय झाली म्हणून.”

तिने पुठ्ठा पोटावर ठेवला. मग म्हणाली, “दाखवून घ्यायचीही अशीच सवय होत असेल?”

तोवर तिला तीन स्थळं पाहून गेली होती. तिघांनीही ‘कळवतो’ म्हटलं होतं आणि तिघंही अजून कळवतच होते. चाळीस मिनिटं झाली होती, मी बटण सोडलं.

त्या रात्री सहा फोटो झाले. पहाटे घरी येऊन झोपेत पेंगत मी रोल उलटा गुंडाळला, आणि फिल्मची शेपटी डबीबाहेर राहिली. आता ज्यांनी रोल पाहिलेलाच नाही त्यांच्यासाठी सांगते: शेपटी पूर्ण आत गेलेली, तो रोल वापरलेला. बाहेर असेल, तो नवा. बाकी दोन्ही दिसायला जुळे भाऊ! मी तो रोल फ्रिजमध्ये लोण्याच्या वाटीशेजारी, नव्या रोलांच्या डब्यात ठेवला. (थंडीत फिल्म टिकते असं मी कुठेसं वाचलं होतं.) आणि गाढ झोपले.

मंगळवारी चौथं स्थळ आलं. मुलगा डोंबिवलीचा, बँकेत. ह्यांचे मामा त्याच रात्रीच्या एसटीने मुंबईला निघाले होते, फोटो त्यांच्याबरोबर पाठवायचा होता.

“स्टुडिओत कशाला?” सासूबाई म्हणाल्या. “घरात एवढा कॅमेरा आहे, तो काय फक्त काळोखाचे फोटो काढायला आणलाय?”

मला इतका आनंद झाला, की विचारू नका! मी फ्रिजमधून रोल काढला, चढवला. सुलभाला गर्द निळी साडी नेसवली, लांब वेणी पुढे घेतली, ओटीवरच्या काळपट दारासमोर उभी केली आणि सहा फोटो काढले. स्टुडिओवाल्याने तासाभरात एकच चांगला फोटो छापून दिला, बाकीचे उद्या म्हणाला. मामांनी पाकीट परस्पर तिथूनच घेतलं आणि एसटी स्टँडवरून फोन केला, “फोटो झकास आलाय हो!”

(मामांचा चष्मा आमच्या टीव्हीवर होता. तो आम्हाला रात्री सापडला.)

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी बाकीचे फोटो आणायला गेले. पाकीट उघडून फोटो काउंटरवर पसरले. सुलभाचा चेहरा स्वच्छ, हसरा. पण काळ्याभोर केसांत, वेणीभर, बारीक बारीक पांढऱ्या रेघा! थोड्या निळ्या साडीवर उतरलेल्या, थोड्या मागच्या दारावर. तारे! माझा ध्रुव तिच्या डाव्या कानाच्या वर येऊन बसला होता आणि उत्तरेचं सगळं आकाश तिच्या डोक्याभोवती सावकाश फिरत होतं.

“तुम्हाला दिसलं नाही का हो हे?” मी स्टुडिओवाल्याला विचारलं.

“दिसलं की. मला वाटलं, ताईंचे केस पिकलेत. आपण कसं बोलायचं?”

खरं सांगते, पहिल्यांदा मला लाज वाटली नाही. मी काढलेला तो सगळ्यात सुंदर फोटो होता. मांडवीच्या समुद्रावर जाऊन मी तो अंधार पडेपर्यंत बघत बसले. लाज नंतर आली, घरी फोन वाजल्यावर.

“मुलीचं वय नक्की किती?” पलीकडून मुलाच्या आईंचा आवाज. फोनवर सासूबाई होत्या.

“तेवीस! पत्रिकेत लिहिलंय की.”

“अहो, पण केस तर पन्नाशीचे!”

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातातला फोटो पाहिला. रिसीव्हर माझ्या हातात कोंबला आणि म्हणाल्या, “निस्तर!”

“काकू, ते केस नाहीत, तारे आहेत,” मी म्हटलं.

“केसांत तारे?”

“हो. उत्तरेकडचे.”

पलीकडे रिसीव्हरवर हात ठेवून कुजबुज झाली. मग त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, “आम्ही रविवारी पावसला दर्शनाला येतोच आहोत. येऊ तुमच्याकडे. समक्षच बघू.”

त्या मुलगी बघायला येत होत्या, की एकूण घरातल्या माणसांची डोकी, ते कळायला मार्ग नव्हता!

शनिवारी सासूबाईंनी सुलभाला शिकेकाईने न्हाऊ घातलं. रविवारी दृष्ट लागू नये म्हणून तिच्या कानामागे काजळाची चांगली ठसठशीत तीट लावली. ही तीट मला माहीत नव्हती. माहीत असती, तर मी ती स्वतः पुसली असती.

काकू मुलाला घेऊन आल्या, पोहे खाल्ले, खोबरं ताजं आहे म्हणाल्या, आणि मग सुलभाला खिडकीपाशी बसवून केस चाचपायला लागल्या. एक बट उचल, दुसरी उचल. पांढरा एकही केस सापडेना! मग त्यांनी रुमाल पाण्यात बुडवला आणि कानामागून केसांच्या मुळाशी खसाखसा घासला. रुमाल काळाकुट्ट!

“कलप!” काकू ओरडल्या.

“तीट आहे ती!” सासूबाई त्यांच्याहून जोरात ओरडल्या.

“काल तारे, आज तीट? उद्या काय सांगाल?”

सुलभा उठली. मला वाटलं, आता आत जाऊन दार लावून घेणार. तिने वेणीच सोडली, काकूंच्या पुढ्यात पाठमोरी बसली आणि म्हणाली, “घासा. सगळं डोकं घासा. पण एकदाच काय ते करून टाका. मला आता कंटाळा आलाय.”

केस तिने स्वतःच दोन्ही हातांनी फाकून धरले. आणि मला पहिल्यांदा कळलं, की माझा सगळ्यात सुंदर फोटो तिला केवढ्याला पडलाय.

तेवढ्यात मुलाने, अनिलने, तोंड उघडलं. “आई, रुमाल ठेव. मला त्यांच्याशी बोलायचंय. केसांबद्दल नाही.”

दोघं अंगणात जाऊन बसले. बोलणं लांबलं. दिवस मावळला आणि नेहमीप्रमाणे वीज गेली. उकाड्याने आम्हीही बाहेर आलो. काकू पदराने वारा घेत पायरीवर टेकल्या आणि सहज वर बघून तशाच राहिल्या. वारा घेणारा हात थांबला.

“अजून आहेत होय एवढे?” त्या म्हणाल्या.

“कोण?” मी विचारलं.

“तारे. मी राजापूरकडची. लहानपणी खळ्यात झोपायचो आम्ही. डोंबिवलीत दिसत नाहीत, तर मला वाटलं कमी झाले.”

मी त्यांच्याशेजारी बसले. कॅमेऱ्याचा डोळा, चाळीस मिनिटं, शेपटी, लोण्याची वाटी, सगळं सांगितलं. त्या ऐकत होत्या की नाही, कोण जाणे. शेवटी तोंड वरच ठेवून म्हणाल्या, “पोरीचं डोकं जरा जास्तच चोळलं गेलं हो माझ्याकडून.” मग अंगणाकडे वळून हाक मारली, “सुलभा, इकडे ये गो. माझ्याजवळ बस.”

त्यांची हाक डोंबिवलीची राहिली नव्हती.

सुलभा आली, बसली. मी हळूच विचारलं, “काय ठरलं?”

“मी त्यांना ‘कळवते’ म्हटलंय,” ती म्हणाली. अंधारातही ती हसतेय हे कळत होतं. आठ दिवस तिने डोंबिवलीला झुलवलं आणि मग होकार कळवला.

लग्नात फोटोग्राफर बाहेरून बोलावला होता. तरी सुलभा हट्टाला पेटली, “वहिनी पण काढणार!” या खेपेला मी कसली म्हणून कसर ठेवली नाही. हार, अक्षता, मामांचे आनंदाश्रू, काकूंची फुगडी, सगळं टिपत गेले. छत्तीस फोटो झाले, रोल संपेना. चाळीस झाले, संपेना! मला वाटलं, शुभकार्य आहे, पुरवठा होतोय. पन्नासाव्या फोटोला मी कॅमेरा उघडून बघितला.

आत वापरलेला रोल नाही, याची खात्री मी सकाळपासून तीनदा केली होती. नवा घातलाय का, हे मात्र एकदाही पाहिलं नव्हतं.