डावा पाय जेलचा, उजवा इंजेक्शनचा

दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. बाबांना साखर होती आणि दोन्ही पायांच्या अंगठ्यांना न भरणाऱ्या जखमा. डॉक्टरांनी दोन नवी औषधं दिली: कातडी भरून यावी म्हणून लावायचं जेल आणि अंगातली प्रतिकारशक्ती वाढवणारं इंजेक्शन. दोन्ही पेप्टाइडं, म्हणजे प्रथिनांचे बारके तुकडे, एवढं मला कळलं. महिन्याभरात जखम भरली नाही तर अंगठा काढावा लागेल, हेही कळलं.

बाबांची सगळी नोकरी बालाघाट जिल्ह्यातली शेतं मोजण्यात गेलेली. दर रविवारी ते जखमेवर चौकटी आखलेला पारदर्शक कागद धरून कडा उतरवत आणि आतल्या चौकटी मोजत. पट्टी मला करू देत नसत. मी चिडखोर, दोनदा भांडले आणि नाद सोडला. त्याचं अजून वाईट वाटतं.

तीन आठवड्यांनी त्यांनी ते कागद मोठ्या ऐटीत डॉक्टरांपुढे मांडले. डावी जखम निम्मी झाली होती, उजवी जशीच्या तशी. मग उलगडा झाला. तुलना चोख व्हावी म्हणून जेल त्यांनी फक्त डाव्या पायाला लावलं होतं आणि इंजेक्शन नेमाने उजव्या दंडात घेतलं होतं, उजव्या पायासाठी. डॉक्टर शांतपणे म्हणाले, औषध रक्तातून सगळीकडे जातं, शेतासारखा मधे बांध नसतो. उजवा पाय जेलविना नुसताच उपाशी राहिला.

मी तिथेच तडकले. "काहून केलं असं, बाबा?"

ते खाली पाहत म्हणाले, "किरनापूरच्या तुह्या आत्याले बी अशीच जखम हाये. पैशापायी तिच्याच्यानं एकच औषध घेनं होते. कोनतं घेऊ म्हने. मी काय सांगू तिले?"

माझा राग कुठच्या कुठे गेला. डॉक्टरांनी उजव्यालाही जेल सुरू करायला सांगितलं आणि म्हणाले, बहिणीला घेऊन या, तिचा पाय पाहून ठरवू.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने मी आत्याला आणलं. वाटेत तिला सगळं सांगितलं. दवाखान्यात बाबा आधीच येऊन बसले होते. डॉक्टर तिचा पाय पाहायला वाकले, तसा तिने तो लुगड्याखाली ओढून घेतला.

"पयले दादाच्या अंगठ्याले लावा, माह्यासमोर."

बाबांच्या उजव्या अंगठ्याला जेल तिनेच लावलं, मग आपला पाय पुढे केला. पुढे बाबांचा अंगठा वाचला असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा बाबांनी आधी तिच्या पायाकडे पाहिलं.