धाकटीनं होडी धक्क्याला लावली

अत्तीनं माझ्या हातच्या भाकरीला कधी चांगलं म्हटलं असेल तर शपथ. आमच्यात सासूला अत्ती म्हणतात. लग्न होऊन सोलापुरात आले तेव्हापासून तिच्यापाशी मीच आहे. तिची पथ्यं, तिचे गुडघे, तिचं रुसणं, सगळं माझ्याच पदरात. आणि कौतुक? ते पुण्याच्या धाकट्या जावेचं! धाकटी गाडी चालवती, धाकटी इंग्लिश बोलती. गेल्या हिवाळ्यात तर कहरच झाला. धाकटीनं होडी घेतली.

साधी नव्हे, शिडाची, आत झोपायला जागा असलेली. उजनीच्या काठाला दिराच्या मित्राची जमीन आहे. तिथं निळ्या ड्रमांवर फळ्या ठोकून तरंगता धक्का केलाय, होडी त्याला बांधतात. बघायला या म्हणून फोनवर फोन. मी नाहीच म्हणणार होते, पण अत्ती नवं लुगडं नेसून केव्हाची तयार.

दीर आणि आमचे हे काठावर चुलीपाशी थांबले. होडीत आम्ही तिघीच, सुकाणू धाकटीच्या हातात. शिडात वारा भरला तशी अत्ती लहान पोरीगत हसली. माझ्यासमोर ती अशी हसलेली मला तरी आठवत नाही. जळले मी, अगदी आतून जळले. वर माझीच कडक भाकरी नि शेंगाचटणी खाता खाता म्हणते कशी, "धाकटी लई हुशार हाय की गं!"

परतताना धाकटीनं शीड उतरवलं, छोटं इंजिन लावलं, धक्क्याच्या बाजूला हवेचे रबरी गोळे सोडले. पुढचा दोर माझ्या हातात दिला. "अक्का, होडीला ब्रेक नसतो. पूर्ण थांबली की मी सांगेन, मगच उतरा. आणि काही झालं तरी होडी नि धक्क्याच्या मध्ये पाय घालू नका. घासली तर घासू दे."

मला शिकवते! मंद्रूप माझं माहेर. एसटी थांबायच्या आत खाली उतरणारी बाई मी. म्हटलं, आज अत्तीला दाखवतेच.

धक्का हातभर राहिला आणि मी उडी टाकली. उतरले की नीट! अत्ती बघते ना, एवढं बघून घेतलं आणि दोर असा ओढला, जशी म्हैस दावणीला आणायचीय. होडीचं नाक माझ्याकडं आलं, पण मागची बाजू, जिथं अत्ती बसली होती, ती भलतीकडंच फिरली.

"अक्का, दोर सोडा! सोडा!" धाकटी ओरडली. मी कशाला सोडते! नाक फळीवर चढायला लागलं तसा ते थोपवायला मी पाय पुढं केला.

"पाय काढ! अगं पाय काढ, माझे बाई!"

अत्तीचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. दचकून मागं पडले, दोर हातातनं सुटला. पाय निघाला, चप्पल होडी आणि ड्रमाच्या मध्ये चेपून पाण्यात गेली.

धाकटीनं होडी मागं घेतली, एक वळसा मारला आणि अलगद आणून लावली. अत्तीचं तिकडं लक्षच नव्हतं. गुडघे विसरून ती उतरली आणि माझ्या पाठीत दणका घातला. "अक्कल गहाण ठेवलीस काय? पाय गेला असता म्हंजे? कुणाच्या जिवावर जगायचं मी, सांग की!" तोंडानं शिव्या चालू आणि हातानं पदर घेऊन माझा पाय पुसणं चालू.

धाकटी दोर बांधत होती. दोनदा गाठ सुटली तिची. मग मान खाली घालूनच म्हणाली, "मला कधीच नाही ओरडल्या अत्ती. मी आले की पाहुण्यांचे कप काढतात."

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, लई बरं वाटलं. एका चपलेवर, अत्तीचा हात धरून, गाडीपर्यंत मुद्दाम धाकटीच्या समोरून गेले.