आत्याच्या यजमानांची ढकलणी

मोटारसायकलच्या टाकीखालच्या कॉकवर घट्ट बसलेली पेट्रोलची नळी न ओढता, न फाडता, कॉकच्या चोचीला ओरखडाही न आणता उतरवणारा माणूस देवाने एकच घडवला, आणि तो आमच्या आत्याला नवरा म्हणून दिला. मी हे भक्तीने म्हणतो आहे. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत त्यांचं घर होतं, आणि गावातले भले भले मेकॅनिक त्या घराच्या पायरीखाली चपला काढून उभे राहिलेले मी पाहिले आहेत.

गंमत म्हणजे त्यांनी स्वतः जन्मात मोटारसायकल चालवली नाही. सरकारी कचेरीतली कारकुनी सायकलवरून केली, आणि समोरून बैलगाडी आली तरी सायकलवरून उतरून उभे राहत. पण ते निवृत्त झाले आणि देशाचे दरवाजे उघडले, दोन्ही एकाच सुमाराला. स्कूटरसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसणाऱ्या आमच्या गावात परदेशी भागीदारीतल्या चकचकीत गाड्या घरोघरी आल्या. लोक गाड्यांचा रंग बघत, आत्याचे यजमान खाली वाकून नळी बघत. पहिल्याच वर्षी शेजाऱ्याने पक्कड लावून नळी हिसकली. नळीबरोबर चोचही तुटून हातात आली आणि टाकीतलं सगळं पेट्रोल आत्याच्या ताज्या रांगोळीवरून वाहत गेलं. त्या दिवसापासून त्यांनी या विषयाला वाहून घेतलं.

"ओढूं नको रे," ते म्हणत. "ओढल्यावर येतं ते तुटून येतं. मागून ढकल. आपण होऊन येईल."

मागून ढकलण्यासाठी त्यांनी पितळेची हत्यारं केली. टोकाला बेचकं, ते कॉक आणि नळीच्या मध्ये बसवायचं आणि अंगठ्याने दाबायचं. त्याला ते ढकलणी म्हणत. प्रत्येक जाडीच्या नळीला वेगळी ढकलणी. कानशीने घासून झाली की ती स्वतःच्या गालावरून फिरवून बघत, गालाला टोचली तर पुन्हा घासत. सगळ्या ढकलण्या पानाच्या जुन्या पितळी डब्यात, आत्याच्या विटलेल्या रेशमी पदराच्या तुकड्यावर निजलेल्या असत. आत्या म्हणे, "मला पाट मिळत न्हाय बसाया, ह्यांस रेशीम."

नाक तर विलक्षणच. एका लग्नात रसमभात अर्धा झालेला असताना ते पानावरून उठले. वधूपक्षाचे चेहरे उतरले. पाचव्या मिनिटाला हात धुऊन परत येऊन ते मुकाट्याने ताक-भाताला लागले. तीन घरं पलीकडे कुणाची तरी नळी ठिबकत होती, एवढंच.

या सगळ्याला मी हसत असे. ते हसणं बंद झालं ते एका आयुधपूजेच्या दिवशी.

आमच्याकडे दसऱ्याच्या आदल्या दिवशी घरातली हत्यारं, पुस्तकं, लेखण्या धुऊन पुसून, चंदन-कुंकू लावून पूजेत मांडतात. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. त्या दिवशी दुपारी तिरुवैयारूहून फोन आला. बायको बाळंतपणासाठी माहेरी गेली होती, तिला कळा सुरू झाल्या होत्या, आणि डॉक्टरीणबाईंना हवं असलेलं इंजेक्शन तिकडे मिळत नव्हतं. मी ते तंजावुरात मिळवलं, थर्मासात बर्फावर ठेवलं, गाडीला किक मारली, आणि राजवाड्याजवळ गाडी फटफट करून मेली. नळीत कचरा अडकला होता. रिक्षा हार घालून बंद, गॅरेजांना कुलपं, बसस्टँड लांब. गाडी ढकलत आत्याचं दार गाठलं.

आत्या कपाळावर हात मारून म्हणाली, "अय्यो, अस्के पूजेत बसलं की, एकूणएक! ढकलणी, अडकित्ता, विळी, माझी सुईदेखील!"

आत्याचे यजमान देवासमोर जाऊन उभे राहिले. डबा उघडा होता, प्रत्येक ढकलणीवर कुंकवाचा ठिपका होता. आदल्या वर्षी याच दिवशी बंद पडलेली गाडी घेऊन आलेल्या पोलीस इन्स्पेक्टरलाही त्यांनी दारातून परत पाठवलं होतं. त्यांचा हात डब्याकडे गेला आणि मध्येच थांबला. थर्मासातला बर्फ वितळत होता. माझा तोल सुटला. "तुमची पूजा मोठी की माझी बायको?" मी ओरडलो. असं त्यांच्याशी कधी कुणी बोललं नव्हतं.

ते तसेच वळले, बाहेर आले, गाडीपाशी उकिडवे बसले, डोळ्यांवरचा चष्मा काढला. तारेचा चष्मा होता, कानामागे आकड्यासारख्या वळणाऱ्या काड्यांचा. त्यांनी एक काडी कट्कन मोडली, तिचा आकडा बोटांनी चेपून बारीक केला आणि नळीच्या मागे अडकवला. चष्म्याशिवाय त्यांना वीतभर अंतरावरचंही दिसत नसे. डोळे मिटून, ओठ घट्ट करून त्यांनी अंगठ्याने दाब दिला, आणि उन्हाने दगड झालेली ती नळी लहान मूल मांडीवरून उतरावं तशी उतरली. फुंकर मारून कचरा काढला, नळी परत चढवली.

"जा," ते म्हणाले. "दरवेळी हळू जा म्हणतो. आज लौकर जा."

मी पोचलो तेव्हा थर्मासात अजून बर्फ होता. संध्याकाळी मुलगी झाली, आई आणि लेक दोघी सुखरूप.

आठ दिवसांनी मी नवी फ्रेम घेऊन क्षमा मागायला गेलो. चष्म्याची एक बाजू सुताने कानाला बांधलेली होती. फ्रेम त्यांनी परत माझ्या हातात दिली. "सूत मऊ लागतं रे कानास," म्हणाले, आणि बाळाचं वजन विचारलं. मी त्यांच्या पाया पडलो. त्याआधी मी फक्त सणावारी, रीत म्हणून पडत असे.

पुढच्या आयुधपूजेला ती मोडकी काडी डब्यात सगळ्यात पुढे होती, चंदन लावलेली. ती तिथेच राहिली. सुताचा चष्मा त्यांनी शेवटपर्यंत वापरला.

आता ते नाहीत. नव्या गाड्यांना तसली नळी नाही आणि आत्याच्या दारात चपला दिसत नाहीत. तरी पूजा ती मांडते, डब्यात त्यांचा चष्माही ठेवते. मी आणि माझी लेक दरवर्षी जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा उठली की आत्या ती काडी उचलते, चष्म्याला लावून बघते, आणि दोन्ही परत रेशमावर ठेवते.